७,८८२ कामांची यादी

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी आधी ज्या कंपनीत होतो, तिथे फ्रेशर्ससाठी ऑनलाइन टेस्ट असायची. त्यातला एक प्रश्न मी बनवला होता. कोडचे तुकडे माउसने ओढून योग्य क्रमाने लावायचे. दिसायला एकदम भारी! मग एका उमेदवाराचा मेल आला. तो अंध होता, स्क्रीन रीडर वापरत होता. पहिले चार प्रश्न त्याने सोडवले आणि पाचव्यावर, म्हणजे माझ्यावर, अडकला. कीबोर्डवरून काहीच हलत नव्हतं आणि टाइमर मात्र पळत होता. टेस्ट आपोआप सबमिट झाली.

एचआरमधली मैत्रीण म्हणाली, "अरे, तसंही आपल्याकडे अशा लोकांसाठी पोस्ट कुठेय?" मी मान डोलावली. खरं सांगतो, तेव्हा काहीच खटकलं नाही.

"अशा लोकांसाठी पोस्ट" हे वाक्य नंतर डोक्यात बसलं. ते येतं कुठून? शोधता शोधता पोचलो डेट्रॉइटला, हेन्री फोर्डच्या कारखान्यात.

फोर्डचं आत्मचरित्र १९२२ साली आलं. त्यात त्याने कारखान्यातल्या कामांच्या एका पाहणीचा हिशोब दिलाय. एकूण ७,८८२ वेगवेगळी कामं. प्रत्येक कामाची नोंद कशी केली बघा: काम हलकं की जड, ओलं की कोरडं, एक हात लागतो की दोन, उभं राहायचं की बसून, आवाज किती, उजेड कसला, तासाला किती नग हाताळायचे, वजन किती. आपण डेटाबेसची स्कीमा करतो ना, अगदी तसं.

निकाल असा आला: ६७० कामं दोन्ही पाय नसलेला माणूस करू शकतो, २,६३७ एक पाय असलेला, ७१५ एक हात असलेला, २ कामं दोन्ही हात नसलेला आणि १० कामं अंध माणूस. बेरीज करा, ४,०३४. म्हणजे निम्म्याहून जास्त कामांना धडधाकट शरीर लागतच नव्हतं! आणि ही नुसती कागदावरची गोष्ट नव्हती. एक पाय किंवा पाऊल नसलेले २३४ जण, पूर्ण अंध ४ जण तिथे कामाला होते, आणि पगार पूर्ण मिळत होता.

एक किस्सा तर मस्तच आहे. एका अंध कामगाराला स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला दिलं. तिथे आधीपासून दोन डोळस माणसं तेच काम करत होती. दोन दिवसांत फोरमनने निरोप पाठवला, त्या दोघांना दुसरीकडे हलवा, हा एकटा तिघांचं काम करतोय.

आता फोर्डला देव्हाऱ्यात बसवू नका. यहुदी लोकांबद्दल तो जे छापत होता ते भयंकर होतं, युनियनचा तो कट्टर वैरी होता, आणि त्याच पुस्तकात हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या कामगारांना बोल्टला नट बसवायला लावल्याचं तो अभिमानाने सांगतो. इथे मी पुस्तक जरा बाजूला ठेवलं. अपंगांना तो जो शब्द वापरतो, त्याचा अर्थ 'कमी दर्जाचे'. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. "हा माणूस काय करू शकत नाही?" असं त्याने विचारलं नाही, "या कामाला नेमकं काय लागतं?" असं विचारलं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हीच यादी सरकारच्या हातात गेली की कुंपण होते. ब्रिटनने १९४४ च्या कायद्यात २० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना ३ टक्के कोटा लावला. सोबत काही कामं खास अपंगांसाठी राखीव ठेवली. कुठली? लिफ्ट चालवणं आणि पार्किंग सांभाळणं. झालं!

आपल्याकडे १९९५ चा कायदा आला. सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण, पण 'निश्चित केलेल्या' पदांवर. म्हणजे आधी यादी करा, मग जागा. यादी करायला वर्षं गेली. रवी प्रकाश गुप्ता नावाचा अंध उमेदवार २००६ ची नागरी सेवा परीक्षा पास झाला, तर सरकारचं म्हणणं, पदंच निश्चित नव्हती तेव्हा आरक्षण कसलं? २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं: यादी उशिरा केली म्हणून हक्क उशिरा सुरू होत नाही. २०१३ मध्ये कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की ३ टक्के मोजायचे ते एकूण रिक्त जागांवर, फक्त यादीतल्या पदांवर नाही.

खासगी कंपन्यांचं काय? २००८ मध्ये एक योजना आली: सुरुवातीला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याचा मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय तीन वर्षं सरकार भरायचं. माझ्या मते पैसा हा अडथळा नव्हताच. आमच्या कंपनीत कुणी पैशाचं नावही काढलं नव्हतं. २०१६ च्या कायद्याने सरकारी आरक्षण ४ टक्के केलं आणि खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण सक्तीचं केलं. नियमांत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात काय हवं? योग्य पदांची यादी! तीच ती यादी. फोर्डसारखी केली तर दार, आमच्या एचआरसारखी केली तर कुलूप.

तर, माझा प्रश्न. मी एनव्हीडीए उतरवून घेतलं. हा फुकट स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध प्रोग्रामरने सुरू केला, नंतर जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर सोबत आला. म्हणजे ज्यांच्यासाठी आमच्याकडे 'पोस्ट' नव्हती, त्यांचाच कोड मी चालवत होतो. लॅपटॉपची स्क्रीन बंद केली आणि माझीच टेस्ट द्यायला बसलो. पाचव्या प्रश्नावर नुसतं "ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक" ऐकू आलं. मी पण नापास.

वर-खाली बाणांनी तुकडे हलवायची सोय करायला दीड दिवस लागला. दीड! मग त्या उमेदवाराला मेल केला, माफी मागितली, परत टेस्ट देणार का विचारलं. तोवर त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती. उत्तर एका ओळीचं होतं: "थँक यू सर, टाइमरचं पण बघा."

टाइमर आमच्या टीमकडे नव्हता. मी तिकीट टाकलं. कंपनी सोडली त्या दिवशी बघितलं, तर ते ओपनच होतं.