मूसची शिकार आणि लष्करी काडतूस

स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या देशांत शरद ऋतूमध्ये होणाऱ्या मूसच्या शिकारीसाठी कोणते काडतूस योग्य, हा प्रश्न प्राण्याच्या आकारमानावरून सुटावा असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याचे उत्तर बऱ्याच अंशी लष्कराच्या कोठारांनी आणि नंतर सरकारी नियमांनी दिले, आणि शिकाऱ्याच्या स्वतःच्या विचाराला जी जागा उरली ती मुख्यतः गोळीच्या घडणीत उरली. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी असून स्कँडिनेव्हियातील पूर्ण वाढलेला नर चारशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. इतक्या मोठ्या जनावरासाठी गेली शंभराहून अधिक वर्षे तेथील असंख्य शिकारी साडेसहा मिलिमीटर व्यासाची, पेन्सिलीहूनही बारीक गोळी वापरत आले आहेत, ही गोष्ट इतिहास बाजूला ठेवून समजत नाही.

मूस मारण्याची जुनी रीत बंदुकीची नव्हतीच. प्राण्यांच्या ठरलेल्या वाटांवर खोल खड्डे खणून ते फांद्यांनी झाकण्याची पद्धत उत्तरेत अश्मयुगापासून चालत आली होती, आणि माणसे व गुरेही त्यांत पडत असल्याने स्वीडनने 1864 मध्ये अशा खड्ड्यांवर बंदी घातली. शिकारीचा हक्क दीर्घकाळ राजा आणि सरदारवर्ग यांच्याकडे होता. राजा तिसरा गुस्ताव्ह याने 1789 मध्ये तो जमीन बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनाही दिला. त्यानंतरच्या काही दशकांत मूसची इतकी कत्तल झाली की हा प्राणी स्वीडनमधून नाहीसा होण्याच्या बेतात आला आणि 1820 च्या दशकात काही वर्षांसाठी त्याच्या शिकारीला पूर्ण मनाई करावी लागली. हक्काचा विस्तार आणि प्राण्याचा ऱ्हास यांची ही जोडी अन्य देशांतही दिसते. स्वीडनचे वेगळेपण एवढेच की तेथे हक्क परत घेतला गेला नाही, त्याला हंगामाची आणि पुढे हत्याराची मर्यादा घालण्यात आली.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी अशी एकसंध रचना. ही रचना रूढ झाली तेव्हा आत काळी दारू असे, आणि काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसल्यामुळे परिणाम साधायचा तर गोळी मोठी आणि जड ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्वीडन आणि नॉर्वे यांनी 1867 मध्ये स्वीकारलेल्या रेमिंग्टन रायफलीचा व्यास म्हणूनच 12.17 मिलिमीटर होता. तिची उघडी शिशाची मऊ गोळी अंगात शिरताच चपटी होई, त्यामुळे शिकाऱ्याला गोळीच्या घडणीचा वेगळा विचार करण्याचे कारण पडत नसे.

फ्रेंच रसायनज्ञ पोल व्हिएय याने 1884 मध्ये निर्धूर दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांत फ्रान्सने आठ मिलिमीटरची लेबेल रायफल सैन्याला दिली. या दारूने येणाऱ्या वेगाला उघडे शिसे टिकत नसे. नळीच्या आतील पेचदार खाचांवर ते खरवडले जाई. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण चढवून ही अडचण आधीच सोडवली होती. वेग वाढला तसा व्यास घटत गेला. एकाच राजाखाली असलेल्या स्वीडन आणि नॉर्वे यांच्या लष्करांनी 1890 च्या दशकाच्या आरंभी संयुक्त समितीमार्फत जे काडतूस ठरवले त्याचा व्यास 6.5 मिलिमीटर आणि पुंगळीची लांबी 55 मिलिमीटर होती. काडतूस एक असले तरी रायफली दोन झाल्या, कारण 1894 मध्ये स्वीडनने जर्मन माउझरची निवड केली, तर नॉर्वेने आपल्याच देशातील क्राग-यॉर्गेन्सनला पसंती दिली. 1905 मध्ये दोन्ही राज्ये विभक्त झाली, काडतूस मात्र सामाईकच राहिले.

या काडतुसाची मूळ गोळी 10.1 ग्रॅम वजनाची, लांब आणि गोल तोंडाची होती. तिचा वेग सेकंदाला सुमारे 725 मीटर होता, म्हणजे नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा साधारण 2,650 ज्यूल भरे. आजच्या मोठ्या काडतुसांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु गोळी किती खोल जाते हे केवळ ऊर्जेवर अवलंबून नसते. व्यासाच्या मानाने वजन जास्त असेल तर गोळीचे सारे बळ लहानशा तोंडावर एकवटते आणि ती हाडामांसातून सरळ वाट काढते. साडेसहा मिलिमीटरच्या त्या लांबट गोळीत हा गुण भरपूर होता. कुमाऊँमध्ये जिम कॉर्बेट यांनी वापरलेली .275 रिग्बी हीदेखील मुळात माउझरच्याच सात मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची रायफल होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

खरी उणीव वेगळीच होती. सैन्याची गोळी संपूर्ण आवरणाची असल्याने ती जशी आत शिरे तशीच दुसऱ्या बाजूने बाहेर पडे. मूस सहसा कोसळतो तो फुफ्फुसे आणि त्यांतील रक्तवाहिन्या फाटल्यामुळे. रक्तदाब उतरून मेंदूला प्राणवायू मिळेनासा होईपर्यंत तो उभाही राहतो किंवा चालत जातो. जखम अरुंद असेल तर हा काळ लांबतो आणि घायाळ जनावर दाट जंगलात हरवते. काही शिकारी कानशीने गोळीचे टोक घासून आतले शिसे उघडे करीत, पण आवरण बुडाशीही उघडे असल्यामुळे गाभा पुढे निघून जाऊन रिकामे आवरण नळीत अडकण्याचा आणि पुढच्या बाराला नळी फुटण्याचा धोका त्यात होता.

नेमक्या याच उणिवेचा अनुभव ब्रिटिश-भारतीय सैन्याला आला होता. 1895 च्या चित्रळ मोहिमेनंतर .303 ची पूर्णावरणाची गोळी चाल करून येणाऱ्या माणसाला रोखत नाही अशी तक्रार झाली, आणि कोलकात्याजवळील डमडम येथील दारूगोळा कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, कारण हिंदुस्थानातील ब्रिटिश शिकारी काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफलींमध्ये टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या कितीतरी आधीपासून वापरत होते. म्हणजे शिकारीतील ज्ञान येथे सैन्याने उसने घेतले होते. 1899 च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. ब्रिटनने त्या घोषणेला मान्यता देण्यास 1907 साल उजाडू दिले, यावरून त्यामागची अनिच्छा कळते. त्या घोषणेने सैनिकाची गोळी आणि शिकाऱ्याची गोळी यांची कायमची फारकत झाली. जी गोळी माणसाविरुद्ध अमानुष ठरली तीच पुढे मोठ्या जनावरासाठी कायद्याने सक्तीची झाली, आणि दोन्ही नियमांच्या मुळाशी वेदनेचाच विचार आहे. एकात जखमी सैनिक उपचाराने वाचावा ही अपेक्षा, तर दुसऱ्यात जखमी जनावर रेंगाळू नये ही.

पुंगळी तीच ठेवून तोंडाशी मऊ टोकाची गोळी बसवणे हा उद्योग यातून उभा राहिला. 1902 मध्ये स्थापन झालेली स्वीडनची नॉर्मा ही कंपनी त्यातील सर्वांत परिचित नाव असून तिच्या 10.1 ग्रॅमच्या मऊ टोकाच्या गोळीचे नावच ‘अलास्का’ आहे. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने 1917 च्या सुमारास मऊ आणि कठीण अशा दोन प्रकारच्या शिशांचा जोडगाभा असलेली गोळी आणली. मात्र या प्रश्नाचे सर्वांत निर्णायक उत्तर मूसनेच काढायला लावले, तेही कॅनडात. अमेरिकन जॉन नॉस्लर 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात शिकारीला गेला असता त्याच्या .300 मॅग्नम रायफलीच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर आदळून आत खोल न जाताच फुटल्या. काडतूस भरपूर ताकदीचे होते. अपुरी पडली ती गोळी. नॉस्लरने मग आवरणाच्या मध्यभागी तांब्याची आडवी भिंत ठेवली, ज्यामुळे पुढचा अर्धा भाग पसरला तरी मागचा अर्धा भाग अखंड राहून आत जात राहतो. 1948 पासून ‘पार्टिशन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या गोळीने शिकारीच्या चर्चेतील वजन आणि वेग यांच्या जोडीला घडणीचा मुद्दा कायमचा आणून बसवला.

दरम्यान स्कँडिनेव्हियात अन्य काडतुसेही रुळली होती. बर्लिनचा बंदूककार ऑटो बॉक याने 1905 मध्ये आफ्रिकेतील जर्मन वसाहतवाल्यांसाठी तयार केलेले 9.3×62 हे काडतूस साध्या माउझर यंत्रणेत बसत असल्यामुळे मध्यम किमतीत मिळे, आणि त्याची 18.5 ग्रॅमची गोळी उत्तरेतील मूसलाही लागू पडली. नॉर्वेत दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याने मागे टाकलेल्या माउझर रायफलींना अमेरिकन .30-06 काडतुसाच्या नळ्या बसवून त्या सैन्यात वापरल्या गेल्या, आणि अशा रायफली पुढे शिकाऱ्यांच्याही हाती आल्या. स्वीडनमध्ये गावोगावच्या नेमबाजी मंडळांत हीच 6.5 मिलिमीटरची लष्करी रायफल चाले, म्हणून शेतकऱ्याला तिचा सराव आधीपासूनच असे आणि काडतुसेही स्वस्त पडत. तिचा धक्का सौम्य असल्याने नेम बिघडत नाही, हा तिचा मोठाच गुण मानावा लागेल, कारण खांद्याला लागणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याला जड गोळीचा काहीच उपयोग नसतो.

ही वहिवाट पुढे कायद्याच्या भाषेत उतरली. स्वीडनमध्ये मूससाठीच्या पहिल्या वर्गातील काडतुसाला दोन पर्यायी कसोट्या ठरल्या: गोळी किमान 9 ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर 2,700 ज्यूल ऊर्जा हवी, पण ती 10 ग्रॅम किंवा अधिक असेल तर 2,000 ज्यूल पुरे. जुन्या लष्करी गोळीचे वजन 10.1 ग्रॅम होते हे आठवले की दुसऱ्या कसोटीचा रोख ध्यानात येतो. शंभर मीटरवर सुमारे 2,100 ज्यूल राखणारे ते काडतूस या दारातून जेमतेम पण सन्मानाने आत येते. केवळ भौतिकशास्त्रातून असा नियम निघाला असता असे म्हणणे कठीण आहे. नॉर्वेने आकड्यांइतकाच भर नेमावर दिला असून तेथे मोठ्या प्राण्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी शंभर मीटरवरून 30 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पाच गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात. स्वीडनमधील मूसची संख्या तोवर एवढी वाढली होती की 1982 च्या हंगामात तेथे सुमारे 1 लाख 74 हजार मूस मारले गेले, आणि त्यांतील कितीतरी याच बारीक गोळीने पडले.

अलीकडे या जुन्या समझोत्याला धक्का बसला आहे तो मांसात उरणाऱ्या शिशाच्या सूक्ष्म कणांमुळे. डेन्मार्कने 1 एप्रिल 2024 पासून रायफलीच्या शिकारी गोळ्यांतून शिसे हद्दपार केले, आणि इतरत्रही संपूर्ण तांब्याच्या गोळ्या वाढत आहेत. तांब्याची घनता 8.96, तर शिशाची 11.34, त्यामुळे तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाची करायची तर ती लांब होते, पुंगळीत दारूची जागा अडवते आणि उडताना स्थिर राहण्यासाठी नळीत अधिक घट्ट पेच मागते. साडेसहा मिलिमीटर व्यासात दहा ग्रॅम तांबे बसवणे म्हणूनच अवघड आहे आणि या व्यासाच्या तांब्याच्या गोळ्या बहुधा आठ ग्रॅमच्या आसपास असतात. त्या फुटत नाहीत, वजनही जवळजवळ गमावत नाहीत, त्यामुळे जनावरात शिशाच्या जड गोळीइतक्याच खोल जातात. परंतु शिसे गृहीत धरून आखलेल्या दहा ग्रॅमच्या रेषेखाली त्या पडतात, आणि तीस कॅलिबरच्या किंवा 9.3 च्या काडतुसांना ही अडचण जाणवत नाही.