शस्त्राचा परवाना आणि अधिकाऱ्याची मर्जी

पुणे जिल्ह्यात काढलेल्या परवान्यावरची बंदूक कर्नाटकात नेता येते का? गनमनची नोकरी करणारे निवृत्त जवान हा प्रश्न विचारतात. उत्तर सरळ आहे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. त्या क्षेत्राबाहेर जायचे तर आधी क्षेत्र वाढवून घ्यावे लागते, नाहीतर परवाना असूनही गुन्हा होतो. लपवून नेली की उघड, याने फरक पडत नाही.

पण आपल्या समाजात हा प्रश्न सीमेपर्यंत पोचतच नाही. तो परवाना देणाऱ्याच्या टेबलावर अडतो. हे आजचे नाही.

आमच्या राहूपासून कोरेगाव भीमा फार लांब नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची ‘नाक’ प्रत्ययाची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्याच इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. बंदूक चालवायला कालपर्यंत लायक असलेला माणूस जातीमुळे एका फटक्यात नालायक ठरला! १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज करून लष्कराची दारे उघडायला सांगितली. स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले.

दुसरीकडे १८७८ चा शस्त्र कायदा होता. लॉर्ड लिटनच्या काळातल्या या कायद्यातून युरोपियनांना सूट होती. त्यावर काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात तक्रार केली, आणि ती योग्यच होती. पण गोरा-काळा भेद दिसणाऱ्यांना गावातला भेद दिसला नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिभेद निर्मूलना’त तो दाखवला: चातुर्वर्ण्याने शूद्रांना शस्त्र नाकारले, म्हणूनच ते बंड करू शकले नाहीत.

अमेरिकेतही हेच दिसते. ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर बाँब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. अलाबामात निर्णय स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर होता. (पुढे त्यांनी घरात शस्त्र ठेवणेच सोडले, तो वेगळा विषय.)

आपला १९५९ चा कायदा कागदावर बरा आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. त्याहून महत्त्वाचा आहे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३. अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो म्हणतो.

मला घरोघरी बंदूक नको आहे. ज्याच्या दहशतीने वस्ती झोपत नाही त्याची बंदूक आधी जमा व्हावी, ही मागणी आहे, आणि ती नियमातच लिहिलेली आहे. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात टाका आणि तीनच गोष्टी विचारा: जिल्ह्यातली कोणती गावे अत्याचारप्रवण म्हणून नोंदली आहेत, नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द झाले, आणि किती दिले.