एक करवत, अनेक कामे : घरासाठी यांत्रिक करवतीची निवड

पनवेल आणि लाकूडकाम यांचे नाते जुने आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून बैलगाडीच्या चाकांच्या निर्मितीची नोंद असून, देशावरून येणारा गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन जात असे, असा उल्लेख आढळतो. आज बैलगाड्या गेल्या आणि शहर नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे असे चहूबाजूंनी वाढले. लाकडाची जागा बहुतांशी प्लायवूड, एमडीएफ आणि अॅल्युमिनियमने घेतली. मात्र घरातील लहानसहान कामे संपलेली नाहीत. एखादी फळी कापणे, पावसाळ्यात फुगलेला दरवाजा खालून कमी करणे, सिंकसाठी ओट्याखालच्या कपाटात भोक पाडणे अशा तासाभराच्या कामासाठी सुतार मिळणे अवघड झाले आहे. त्यामुळे घरात एक यांत्रिक करवत असावी, असा विचार अनेक जण करू लागले आहेत. बाजारात गेल्यावर मात्र नेमकी कोणती घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो.

करवतींचे चार प्रकार

घरगुती वापराच्या दृष्टीने चार यंत्रांचा विचार करावा लागतो.

जिगसॉ : यात अरुंद, उभे पाते शिलाई यंत्राच्या सुईसारखे वर-खाली होते. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीतील अभियंता आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई यंत्रात सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले आणि त्यातून हे यंत्र आकाराला आले, असे सांगितले जाते. वळणदार काप, मधोमध भोक, कोपऱ्यातील खाच ही त्याची खासियत होय. पाते बदलले की प्लायवूड, पीव्हीसी, अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियम हे सर्व एकाच यंत्रावर कापता येते.

सर्क्युलर सॉ : गोल, दातेरी चकतीची ही करवत लांब आणि सरळ कापासाठी असते. हातात धरून चालवण्याजोगे असे यंत्र अमेरिकेत १९२४ मध्ये एडमंड मिशेल यांनी तयार केले. १८५ मि.मी. व्यासाची चकती काटकोनात सुमारे ६५ मि.मी. जाडीपर्यंत कापते. त्यामुळे दरवाजे आणि वासे तिच्या आवाक्यात येतात.

रेसिप्रोकेटिंग सॉ : लांब पाते पुढे-मागे होणारे हे यंत्र मोडतोडीच्या कामाचे आहे. जुनी चौकट काढणे, खिळ्यांसकट लाकूड कापणे, झाडाची फांदी छाटणे यांसाठी ते उत्तम. परंतु सुबक काप त्यातून मिळत नाही.

टेबल सॉ : अचूकतेत हे यंत्र सर्वांत सरस आहे. मात्र सदनिकेत त्यासाठी जागा नसते आणि आठ फुटी शीट ढकलण्यास पुढे-मागे मोकळी जागा लागते. ते कारखान्यातच शोभते.

मार्बल कटरचा मोह

आपल्याकडे अनेक ठिकाणी प्लायवूड कापण्यासाठी ११० मि.मी. चकतीच्या मार्बल कटरला लाकडाचे पाते लावले जाते. यंत्र स्वस्त, हलके आणि सर्वत्र उपलब्ध असल्याने ही पद्धत रूढ झाली. काही कारागीर तेच यंत्र फळीखाली उलटे बसवून टेबल सॉ तयार करतात. कुशल हातांना ते साधते. पण घरच्या माणसाने त्याचे अनुकरण करू नये.

मार्बल कटर हा दगडासाठी आहे. हिऱ्याच्या कणांची चकती दगड घासते. तिला लाकडात रुतणारे दाते नसतात. दातेरी पाते मात्र लाकडात अडकले की संपूर्ण यंत्र झटक्याने चालवणाऱ्याकडे मागे फेकले जाते. सर्क्युलर सॉमध्ये काप संपताच खालचे कवच स्प्रिंगने आपोआप बंद होते. सामान्य मार्बल कटरमध्ये तसे कवच नसते आणि फिरते पाते उघडेच राहते. शिवाय कटरचा वेग मिनिटाला बारा ते तेरा हजार फेऱ्यांच्या घरात असतो. पात्यावर छापलेली कमाल वेगमर्यादा त्याहून कमी असेल, तर पाते फुटण्याचा धोका असतो. अनेक कटरना बटण दाबलेल्या स्थितीत अडकवण्याची सोय असते. त्यामुळे यंत्र हातातून सुटले तरी ते चालूच राहते. वाचलेल्या पैशांपेक्षा बोटांची किंमत अधिक आहे, हे ध्यानात ठेवावे.

काम पाहून निवड

खरेदीपूर्वी पुढील वर्षभरात करावयाच्या कामांची यादी करावी. त्यात फळ्या, खाचा, भोके, पाइप, पट्ट्या अशी मिश्र कामे असतील, तर पहिले यंत्र म्हणून जिगसॉ घ्यावा. घरासाठी सर्वांत बहुपयोगी करवत तीच. तिची मर्यादाही जाणून घ्यावी. जाड लाकडात पाते खाली वाकते आणि काप तिरका होतो. लांब सरळ रेषेत ती भरकटते. काठाला सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून तिच्या आधाराने यंत्र चालवल्यास हा दोष बराच कमी होतो.

यादीत पूर्ण शीट कापणे किंवा दरवाजे कमी करणे अधिक असेल, तर सर्क्युलर सॉ योग्य ठरते. मात्र वर्षातून एकदाच प्लायवूड लागणार असेल, तर विक्रेत्याकडूनच मापात कापून आणणे सर्वांत स्वस्त पडते. त्यासाठी यंत्र घेण्याचे कारण नाही.

जिगसॉ घेताना वेग कमी-जास्त करण्याची सोय, पात्याला पुढे-मागे झोका देणारी पेंडुलम रचना आणि हत्याराशिवाय पाते बदलता येणे, या तीन गोष्टी पाहाव्यात. धातू कापताना पेंडुलम शून्यावर आणि वेग कमी ठेवावा. पाती इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या टोकाची असावीत. ती सहज मिळतात. बाजारात परदेशी नाममुद्रांबरोबरच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथील केपीटीसारख्या महाराष्ट्रातील उत्पादकांची यंत्रेही आहेत. नाव कोणतेही असो, कार्बन ब्रश व सुटे भाग जवळपास मिळतात का आणि दुरुस्ती केंद्र कोठे आहे, याची चौकशी आधी करावी.

विजेचे गणित

आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ६०० वॉटचा जिगसॉ तीन अँपिअरपेक्षा कमी वीज घेतो आणि साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. १२०० वॉटची सर्क्युलर सॉ पाच अँपिअरहून अधिक घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. तिच्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट वापरावा. बारीक एक्स्टेन्शन वायर लावू नये. अनेक यंत्रांना दोनच पिना असतात. त्यांवर चौकटीत चौकट अशी खूण असेल, तर यंत्र दुहेरी आवरणाचे असून त्यास अर्थिंगची गरज नाही, असा अर्थ होतो. तरीही घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असावा. पावसाळ्यात ओल्या बाल्कनीत विजेची करवत चालवू नये.

मापातील बारकावे

प्लायवूडची शीट साधारण २४४० बाय १२२० मि.मी. असते. तिच्यातून चार फुटी रुंदीच्या बरोबर एकेक फुटाच्या चार पट्ट्या निघतील, असे अनेकांना वाटते. परंतु पाते स्वतःच सुमारे अडीच मि.मी. लाकडाचा भुसा करते. तीन कापांत साडेसात मि.मी. जातात आणि प्रत्येक पट्टी ३०३ मि.मी.च भरते. कपाटाचे माप काढताना ही घट धरलीच पाहिजे.

जिगसॉ आणि सर्क्युलर सॉ या दोहोंचे दाते खालून वर कापतात, त्यामुळे वरच्या बाजूस लाकडाचे ढलपे निघतात. म्हणून सनमायका किंवा दर्शनी बाजू खाली ठेवून मागील बाजूवर आखणी करावी. सर्क्युलर सॉचे पाते फळीच्या खाली साधारण एका दात्याइतकेच बाहेर येईल, अशी खोली ठेवावी. आखणीस गुण्या वापरावा.

पनवेलच्या दमट हवेत आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. जुलैत फुगलेला दरवाजा लगेच फार कापू नये. हिवाळ्यात तो आकसतो आणि खाली फट राहते. तूर्त अडकणारा भाग रंध्याने किंचित कमी करावा आणि करवत लाकूड सुकल्यावरच चालवावी. तसेच कापलेली प्रत्येक कड प्रायमर किंवा वॉर्निशने बंद करावी. कड उघडी राहिली, तर दमट हवा तेथूनच लाकडात शिरते. पात्यांना तेलाचा हात देऊन ती बंद डब्यात ठेवावीत.

सुरक्षितता आणि शेजारधर्म

डोळ्यांवर चष्मा, नाकावर धुळीचा मास्क आणि कानात बोळे ही त्रयी अनिवार्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगास कारणीभूत घटकांत केली आहे. छपराचे अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे यांत्रिक करवतीने मुळीच कापू नयेत. सैल बाह्या, ओढणी, लुंगी आणि सैल हातमोजे फिरत्या पात्यापासून दूर ठेवावेत. फळी नेहमी क्लॅम्पने बांधावी, हाताने वा पायाने दाबून धरू नये. पाते बदलताना प्लग सॉकेटमधून काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

आवाजाचाही विचार व्हावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर करवतीचा आवाज नव्वदच्या आसपास जातो. सोसायटीने दुरुस्तीसाठी ठरवलेल्या वेळेतच, दारे-खिडक्या लावून काम उरकावे. दुपारची वामकुक्षी आणि परीक्षांचे दिवस टाळल्यास शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात.

थोडक्यात, सामान्य कुटुंबासाठी मध्यम शक्तीचा जिगसॉ, लाकूड व धातूसाठी वेगवेगळी चांगली पाती, दोन क्लॅम्प आणि एक सरळ पट्टी एवढा संच पुरेसा आहे. सर्क्युलर सॉ गरज वाढल्यावर घेता येते. नव्या यंत्रावर प्रथम टाकाऊ तुकड्यांवर हात बसवावा आणि मगच घरच्या दरवाजाला हात घालावा.