फौजदार यायचा कुठून?

पूर्वी तालुक्याच्या ठाण्यातला सगळ्यात मोठा साहेब म्हणजे फौजदार. तो यायचा कुठून, ते आज बघू.

एकोणिसाव्या शतकात पुष्कळदा खालूनच. आधी शिपाई, मग हवालदार, आणि केस पांढरे व्हायला लागले की फौजदार. गावचा बाजार, कज्जे, कोण कोणाचा मेव्हणा, सगळं त्याला तोंडपाठ. लाचही खायचा, ते नाकारण्यात अर्थ नाही.

१९०२ साली कर्झननं फ्रेझर कमिशन नेमलं. त्याचं निदान असं, की खातं भ्रष्ट आहे, कारण वर चढलेली माणसं कमी शिकलेली आहेत. मग शिकलेल्या तरुणांना थेट फौजदार करा, आणि शिपायाची मजल साधारणपणे हवालदारापर्यंतच ठेवा. शिपायाला किमान पगार किती सुचवला? महिना ८ रुपये! एवढ्यात सचोटी मागायची, म्हणजे कमालच म्हणायची.

आपल्या इलाख्यात १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला प्रशिक्षण शाळा निघाली, १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. कोवळा फौजदार तिथून शिकून ठाण्यात यायचा आणि मुरलेला हवालदार त्याला सलाम ठोकायचा. पंचनामा कसा लिहायचा हे मात्र बहुधा हवालदारच शिकवणार!

अर्थात फौजदारालाही वर छत होतंच. जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट १८९३ पासून लंडनच्या परीक्षेतून यायचा, आणि ती फक्त युरोपियनांसाठी. हिंदी माणसासाठी कमिशननं डेप्युटी सुपरिंटेंडेंटची जागा सुचवली. वरच्या नोकरीची परीक्षा हिंदुस्थानात सुरू झाली ती १९२१ च्या सुमारास. तिला बसणारी मुलं कॉलेजातली. हवालदार होता तिथंच.