मधाचे बोट

गेल्या श्रावणात आमच्या घरी नात जन्मली. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी सौ.ने फडताळातली बाटली काढली. आत कणकुंबीच्या रानातला, हाताने पिळलेला आग्या मोहोळाचा मध होता. "अहो, ती सोन्याची अंगठी द्या बघू. पोरीला मधाचं बोट लावायचं राहिलंय," ती म्हणाली. मी अंगठी दिली नाही. "नको," एवढेच म्हणालो, आणि घर गप्प झाले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवताना मधाचे गोडवे गाणारा माणूस मीच ना! त्या 'नको'चा हिशेब द्यायचा, म्हणून हा लेख.

मधाशी माझी ओळख जखमेतून झाली. आठ-नऊ वर्षांचा असताना खानापूर भागातल्या आमच्या गुऱ्हाळावर उकळता रस हातावर सांडला. आजोबांनी हात गार पाण्यात धरला आणि मग धुतलेल्या धोतराची पट्टी मधात भिजवून बांधली. रोज जुनी पट्टी सोडायची, नवी बांधायची. हात बरा झाला. डाग आहे, पण शोधावा लागतो. आजोबांना अक्षरओळख नव्हती. हे त्यांना कोणी शिकवले, हा प्रश्न मला पुढे फार वर्षे पुरला.

उत्तराचे एक टोक सुश्रुतात सापडले. त्याने मधाचे आठ प्रकार सांगितले, चरकाने चार. पण मला महत्त्वाची वाटली ती सुश्रुताच्या शस्त्रकर्मातली बारीकशी कृती. गळू फोडून पू काढल्यावर जखमेत जी वात ठेवायची, तिला तिळाचा कल्क, मध आणि तूप माखावे, असे तो सांगतो. मध जखम शुद्ध करतो आणि भरून आणतो, हा त्यामागचा विचार. आमचे कानडी शेजारी मधाला 'जेनुतुप्प' म्हणतात, म्हणजे माशीचे तूप. हा शब्द ऐकला की मला ती मध-तुपाची वात आठवते.

दुसरे टोक थेट ईजिप्तमध्ये. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1862 साली लक्झर येथे एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराची. जेम्स ब्रेस्टेड यांनी 1930 मध्ये तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. तीत जखमांची आणि अस्थिभंगांची 48 प्रकरणे आहेत, आणि कितीतरी ठिकाणी उपचार तोच: पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे, नंतर रोज चरबी, मध आणि तंतूंची पट्टी. नाईलकाठचा वैद्य आणि मलप्रभेकाठचे माझे आजोबा यांच्यात साडेतीन हजार वर्षे, पण पट्टी एकच!

हे नुसते जुने म्हणून खरे मानायचे का? नाही. याची कसून परीक्षा झाली ती आमच्या शेजारच्या सोलापुरात. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन गट केले. 52 जणांना मधाची पट्टी, 52 जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम. सात दिवसांत मधाच्या गटातील 91 टक्के जखमा जंतुरहित झाल्या, मलमाच्या गटात 7 टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या 87 टक्के जखमा भरल्या, मलमाच्या 10 टक्के. हा निबंध 1991 मध्ये ब्रिटनमधील शल्यशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. तो वाचला त्या दिवशी मी आजोबांच्या तसबिरीला हार घातला.

कारणेही आता ठाऊक आहेत. मधात साखर सुमारे ऐंशी टक्के आणि पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, त्यामुळे तो जंतूंतले पाणी शोषतो. तो आम्लधर्मी असतो. शिवाय माशीने घातलेल्या एका पाचक द्रव्यामुळे, मध जखमेतल्या ओलाव्याने पातळ झाला की हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होत राहते. हे 1963 मध्ये सिद्ध झाले.

पण इतिहासाच्या शिक्षकाने अर्धेच पान वाचू नये. त्याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की मध्यम प्रमाणात भाजलेल्यांना मधाच्या पट्टीपेक्षा जळकी कातडी लवकर काढून त्वचारोपण करणे अधिक चांगले. आपल्याच निष्कर्षाची मर्यादा आपणच सांगणे, याला मी शास्त्र म्हणतो. आणि आज इस्पितळात जखमेवर जो मध वापरतात, तो गामा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. कणकुंबीच्या बाटलीतला नव्हे.

इथेच माझ्या 'नको'चे मूळ आहे. मध जंतूंना मारतो, पण बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू त्यात मरत नाहीत, निपचित पडून राहतात. मोठ्यांचे आतडे त्यांना रुजू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाचे आतडे तेवढे तयार नसते. तिथे ते रुजतात, विष करतात, बाळाचे अंग लुळे पडते, श्वासही अडतो. हा बालरोग ओळखला गेला तोच मुळी 1976 मध्ये. जातकर्मात मध-तूप चाटवायला सांगणाऱ्या चरक-सुश्रुतांना तो दिसण्याचा मार्ग नव्हता. त्यात त्यांचा दोष नाही. कळल्यावरही आपण चाटवला, तर दोष आपला.

हे सारे मी सौ.ला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग माझ्या तिन्ही पोरांना चाटवला तो?"

"प्रत्येक बाटलीत ते बीजाणू नसतात. आपलं नशीब चांगलं."

तिने बाटलीचे झाकण घट्ट केले, गळ्याला तांबडा दोरा बांधला आणि ती फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. "पुढच्या श्रावणात," ती म्हणाली, आणि बाळाला सुनेच्या मांडीवर दिले.