पोथी आणि गळा

मध्यंतरी एका पालकांनी मला शाळेच्या फाटकाशी गाठले. "मास्तर, मुलीला गाणे शिकवायचे आहे. ते शिकवावे कसे, यावर काही वाचायला सांगा." मी भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' सांगितली. चार जाडजूड भाग म्हटल्यावर गृहस्थांचा चेहरा उतरला. पण वाचकहो, भिण्यासारखे त्यात काही नाही. १९१० साली निघालेला पहिला भाग चक्क मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उलगडा करतो. दिवाळीच्या सुटीत फराळ करता करता वाचावा असा.

विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. चिजा उस्तादांच्या गळ्यात, आणि गळा गेला की चीजही गेली, हे त्यांना सलत होते. घराण्याचे धन बाहेरच्याला कोण देणार? गावोगाव हिंडून, आर्जवे करून, कुठे शिष्यत्व पत्करून त्यांनी ते मिळवले आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत हजारावर चिजा स्वरलिपीसह सर्वांपुढे मांडल्या. रोज फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मला या धाडसाचे फार मोल वाटते.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुस्तके त्यांनीही लिहिली, स्वरलिपीही स्वतःची केली. परंतु शिष्यांना वर्षानुवर्षे आपल्याजवळ ठेवून घेतले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन त्या तालमीतले.

मग पोथी खरी की तालीम? दरबारीचा गंधार घ्या. भातखंड्यांच्या लिपीत 'ग'खाली एक आडवी रेघ, संपले! गळ्यात मात्र तो गंधार संथ झुलतो, आणि ते झुलणे त्या रेघेत मावत नाही. हे स्वतः भातखंडे ओळखून होते. आपले पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांना त्यांच्याच पुढाकाराने बडोद्याला फैयाजखाँसाहेबांची तालीम मिळाली. पुढे हेच रातंजनकर लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. पोथी लिहिणाऱ्यानेच शिष्य उस्तादाच्या हवाली केला, याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणून त्या गृहस्थांना मी जोडीला गोविंदराव टेंब्यांचे 'माझा संगीत-व्यासंग'ही सुचवले. ऐकून ऐकून माणूस कसा घडतो, ते त्यात दिसते. त्यांनी दोन्ही पुस्तके मिळवली. आता गावात दरबारीचा गंधार समोर बसवून ऐकवील असे कोणी आहे का, याचा तपास आम्ही दोघे करीत आहोत.