पाणबुडीची रोजनिशी आणि बुडालेल्यांचे कथन

आय-२९ या जपानी पाणबुडीच्या कारकिर्दीतील दोन घटनांचा भारतीयांशी निकटचा संबंध आहे. एप्रिल १९४३ च्या अखेरीस मादागास्करच्या परिसरातील खवळलेल्या समुद्रात सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन यू-१८० या जर्मन पाणबुडीतून रबरी होडीने या पाणबुडीवर आले आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राजवळच्या साबांग बंदरात उतरले. ही घटना मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. चरित्रांतून, शालेय पाठांतून आणि विश्वास पाटील यांच्या 'महानायक' (१९९८) सारख्या कादंबरीमुळे सुभाषबाबूंचा हा प्रवास आपल्या सामूहिक स्मृतीचा भाग झाला आहे. दुसरी घटना तिच्या पाच महिने आधीची. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास याच आय-२९ ने 'तिलावा' ही आगबोट बुडवली. २० नोव्हेंबरला मुंबईहून निघालेली ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट मोंबासा, लॉरेन्सो मार्क्विस (आजचे मापुतो) आणि दर्बान येथे जाणार होती. तिच्यावर ९५८ माणसे होती : ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची. त्यांतील २८० मेली. प्रवाशांत पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पोटापाण्यासाठी गेलेले भारतीय आणि त्यांचे कुटुंबीय मोठ्या संख्येने होते. ही घटना मराठी वाचकाला ठाऊक नाही, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

एकाच पाणबुडीच्या या दोन कृत्यांपैकी एकाचे कथन झाले आणि दुसऱ्याचे झाले नाही, असे का व्हावे? या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखिका अनपेक्षित मार्गाने आली, आणि तो मार्ग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

नारायण पेठेतील आमच्या घरी एम. ए. च्या वर्गातील एक विद्यार्थी निबंधाच्या विषयासंबंधी बोलण्यासाठी आला. 'ऐतिहासिक कथन आणि प्रथमपुरुषी निवेदन' या घटकासाठी त्याने आणलेली संहिता बखरही नव्हती आणि आत्मचरित्रही नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीचे नेतृत्व खेळणाऱ्याकडे देणारा एक संगणकीय खेळ तो दोन वर्षे खेळत होता आणि त्यातील आपल्या मोहिमांची रोजनिशी त्याने मराठीत लिहिली होती. सुमारे साठ पाने. भाषा संयत, तपशील नेमके. "मॅडम, याला ऐतिहासिक कथन म्हणता येईल का?" असा त्याचा प्रश्न होता. खेळाबद्दल मला असलेला तुच्छभाव त्याच्या लक्षात आला असावा, कारण पुढच्या वेळी तो संगणकच घेऊन आला.

या प्रकारच्या खेळांना आता मोठी परंपरा आहे. १९६६ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने 'पेरिस्कोप' नावाचे नाणे टाकून चालवायचे यंत्र काढले. त्यात दुर्बिणीतून दिसणाऱ्या पुठ्ठ्याच्या जहाजांवर नेम धरायचा असे. १९८५ चा सिड मायर यांचा 'सायलेंट सर्व्हिस' हा त्याच कल्पनेचा गृहसंगणकावरील, पण पुष्कळ अधिक गंभीर अवतार. 'सायलेंट हंटर' (१९९६) आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी, विशेषतः जर्मन पाणबुड्यांवरील तिसऱ्या आवृत्तीने (२००५), तपशिलाच्या अचूकतेला या प्रकाराचे प्रमुख मूल्य केले. चौथ्या आवृत्तीला २००८ मध्ये जोडलेल्या पुरवणीत जर्मन पाणबुड्या हिंदी महासागरात येतात. माझ्या विद्यार्थ्याची रोजनिशी तेथली होती.

खेळणारा येथे नेमके काय करतो? क्षितिजावर धूर दिसतो. तो दुर्बिण वर काढतो, ओळखपुस्तिका उघडून जहाजाचा प्रकार ठरवतो, डोलकाठीच्या ज्ञात उंचीवरून अंतर काढतो, गती आणि दिशाकोन मोजतो, ही मापे गणकयंत्रात भरतो आणि टॉर्पेडो सोडतो. नंतर घड्याळाकडे पाहत थांबतो. पुस्तकातून जे ज्ञान होते ते येथे हाताला होते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. हेडन व्हाइट यांच्या 'मेटाहिस्टरी' (१९७३) नंतर इतिहासकार घटनांना कथानकाची घडण कशी देतो याची चर्चा आपण बरीच केली. परंतु येथे सांगणारा इतिहासकार नाहीच. नियमांची एक व्यवस्था आहे आणि तिच्या मर्यादेत वाचक स्वतःच कृती करून कथानक घडवतो. त्यामुळे या संहितेचा अर्थ लावताना तिच्यात काय सांगितले आहे यापेक्षा तिच्यात काय करता येते आणि काय मोजले जाते, हे पाहावे लागते.

प्रथम काळ पाहू. पाणबुडीवरील जीवन म्हणजे मुख्यतः प्रतीक्षा. आठवडेच्या आठवडे काहीही घडत नाही. खेळात ही प्रतीक्षा एका कळीने हजारपट वेगाने सरकवता येते आणि जहाज दिसताच काळ पुन्हा आपल्या मूळ गतीला येतो. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर पहिला भाग सारांश आहे आणि दुसरा दृश्य. कादंबरीत सारांश कोठे संपावा आणि दृश्य कोठे सुरू व्हावे हे निवेदक ठरवतो. येथे ते लक्ष्य ठरवते. जहाज दुर्बिणीत येते तेव्हा काळाला अस्तित्व मिळते, आणि ते बुडाले की काळ पुन्हा वितळतो. या रचनेत बुडाल्यानंतरच्या तासांसाठी जागाच नाही. 'तिलावा'च्या बाबतीत मात्र जे सांगण्याजोगे आहे ते बहुतांशी त्याच तासांत घडले. पहिल्या टॉर्पेडोनंतर लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडत नाही असे पाहून काहीजण परत वर चढू लागले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला. त्यानंतर वाचलेल्यांनी होड्यांत आणि तराफ्यांवर दिवस काढले. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने ६७४ जणांना आणि 'कार्थेज'ने ४ जणांना उचलले. २७ नोव्हेंबरला ते मुंबईत परतले.

आता मोजमाप. खेळातील नोंदवहीत बुडवलेल्या जहाजासमोर प्रकार, वेळ, स्थान आणि टनभार येतो. माणसे मोजली जात नाहीत. खेळ रचणाऱ्यांना यासाठी दोष देणे सोपे आहे, पण ते अनैतिहासिक होईल. जर्मन नौदलाने हे युद्ध टनांतच मोजले. एक लाख टन बुडवणारा कप्तान मोठ्या सन्मानाला पात्र ठरे. तेव्हा खेळ या बाबतीत इतिहासाशी प्रामाणिकच आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. नोंदणी टन हे वजनाचे नव्हे, आकारमानाचे माप आहे : १०० घनफूट म्हणजे एक टन. 'तिलावा' १०,००६ टनांची होती, म्हणजे तिच्या पोटात दहा लाख घनफुटांची बंदिस्त जागा होती. ज्या जागेत माणसे असू शकतात ती जागा मोजली जाते, आणि त्या जागेत कोण होते हे मोजमापाबाहेर राहते.

मराठी भाषेचा येथे मला वेगळाच उपयोग झाला. 'पाणबुड्या' हा पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाचा जुना शब्द. 'पाणबुडी' हे यंत्राचे नाव त्याच्याच घरातले. एकाच धातूच्या आसपास आपल्याकडे तीन क्रियापदे आहेत. 'बुडी मारणे' यात इच्छा आणि कौशल्य आहे, आणि परत वर येणे गृहीत आहे. 'बुडणे' हे अकर्मक, त्यात कर्त्याचे काही चालत नाही. 'बुडवणे' हे प्रयोजक, आणि घेतलेले कर्ज न फेडण्यासाठीही आपण तेच वापरतो. विद्यार्थ्याच्या साठ पानांत पहिले आणि तिसरे क्रियापद पानोपानी होते. मधले शोधूनही सापडेना. जेथे ते यायला हवे होते तेथे 'लक्ष्य नष्ट' असे होते. हे मी त्याला दाखवले तेव्हा तो काहीसा नाराज झाला. कप्तानाला पाण्याखालून ते दिसतच नाही, असे त्याचे म्हणणे. निवेदकाच्या दृष्टिबिंदूशी प्रामाणिक राहण्याचा हा आग्रह वाङ्मयीन दृष्ट्या योग्यच होता.

परंतु ऐतिहासिक दृष्ट्या तो अपुरा होता. 'तिलावा'च्या दोन महिने आधी, १२ सप्टेंबर १९४२ रोजी, यू-१५६ ने दक्षिण अटलांटिकमध्ये 'लॅकोनिया' हे जहाज बुडवले. कप्तान हार्टेनश्टाइन पृष्ठभागावर आला तेव्हा त्याला पाण्यातून इटालियन भाषेतील हाका ऐकू आल्या. जहाजावर सुमारे अठराशे इटालियन युद्धकैदी होते, म्हणजे त्याच्या मित्रराष्ट्राचे सैनिक. त्याने बचावकार्य सुरू केले आणि उघड संदेश पाठवून मदत मागितली. चार दिवसांनी एका अमेरिकन विमानाने वाचलेल्यांनी भरलेल्या त्या पाणबुडीवर बॉम्ब टाकले. त्यानंतर १७ सप्टेंबरला ड्योनित्सने बुडालेल्या जहाजांवरील लोकांना वाचवण्यास मनाई केली. तेव्हा कप्तानाला दिसत नाही हे म्हणणे पूर्ण खरे नाही. त्याला दिसत असे, ऐकूही येत असे. त्याकडे पाहू नये असा हुकूम काढावा लागला, एवढ्यावरूनच ते पुरेसे स्पष्ट होते.

आपल्या वाचनव्यवहारात ही उणीव सहसा जाणवत नाही, याचे कारण राष्ट्र आपल्यासाठी दृष्टिबिंदू ठरवून देते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर'ने 'खुकरी' ही भारतीय युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नौकेसोबत जाणे पत्करणाऱ्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची कथा आपण बुडत्या नौकेवरून सांगतो, आणि दीवला तिचे स्मारक आहे. 'हंगोर' कराचीच्या संग्रहालयात जपलेली आहे, आणि तेथे तीच घटना पाण्याखालून सांगितली जाते. दोन्ही कथने आपापल्या जागी सुसंगत आहेत. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेथे शत्रू नव्हता, पण ऐकणारी गावे होती, म्हणून कथन टिकले. आमच्या पेठेतही तसेच आहे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर मुठेकाठच्या या वस्तीत घराघरांत सांगितला जातो, आणि सांगणारा नेहमी जिन्यावर किंवा गच्चीवर असतो. धरणाच्या बाजूने तो कोणी सांगितलेला मी ऐकला नाही.

'तिलावा'पाशी मात्र राष्ट्र हा निकष निकामी होतो. बोट ब्रिटिश कंपनीची, बुडवणारे जपानी, आणि मेलेले बहुतांशी भारतीय. ब्रिटिश युद्धकथेत ते परके, कारण त्या कथेचे नायक दुसरे. स्वातंत्र्याच्या कथेत ते अडचणीचे, कारण ज्या पाणबुडीने त्यांना मारले तीच पाच महिन्यांनी नेताजींना पूर्वेकडे घेऊन गेली. युद्धकाळात वृत्तपत्रांवरील नियंत्रणामुळे जहाजांच्या बातम्या मोकळेपणाने छापता येत नसत हे खरे, परंतु पुढील अनेक दशकांच्या मौनाचा खुलासा त्याने होत नाही. सुभाषबाबूंच्या प्रवासाकडे या अंगाने पाहणे म्हणजे त्यांच्या थोरवीला बाध आणणे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. यू-१८० ने त्याच प्रवासात, १८ एप्रिल १९४३ रोजी, 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले, तेव्हा ते त्या पाणबुडीतच होते. पाणबुडी संकटात असतानाही सुभाषबाबू शांतपणे मजकूर सांगत राहिले, अशी आठवण आबिद हसन यांनी पुढे सांगितली. ही आठवण आपण धैर्याचे उदाहरण म्हणून वाचतो, आणि ते धैर्य होतेच. परंतु आपण ती वाचतो तेव्हा आपणही पाणबुडीच्या आत असतो, हेही ध्यानात ठेवावे. कप्तानाच्या खुर्चीत बसण्यासाठी आपल्याला संगणकाची गरज पडली नव्हती.

या संदर्भात पानिपतानंतरचे म्हणून सांगितले जाणारे ते सुप्रसिद्ध पत्र आठवते. त्यात थोर पुरुष मोती झाले, सरदार मोहरा झाले आणि सामान्य सैनिक मोजदाद न झालेला खुर्दा झाले. माणसांना नाण्यांच्या भाषेत बोलावे लागले, कारण पत्र शत्रूच्या हाती पडण्याचे भय होते. त्या सांकेतिकतेत उतरंड आहे, पण शोकही आहे, आणि खुर्द्याची गणती लागत नाही ही कबुली आहे. 'तिलावा'वर खरोखरच चांदी होती : २,३६४ लगडी, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी. २०१७ मध्ये ती समुद्रतळावरून वर काढण्यात आली, तिच्यावरून लंडनमध्ये खटला झाला आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निर्णय दिला. ऐंशी वर्षांनंतर लगडींची संख्या एककापर्यंत ठाऊक आहे.

आय-२९ चा शेवटही नोंदलेला आहे. जर्मनव्याप्त फ्रान्सची फेरी करून परतताना २६ जुलै १९४४ रोजी फिलिपीन्सच्या उत्तरेस 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवले. तिचा मार्ग अमेरिकनांना फोडलेल्या सांकेतिक संदेशांवरून आधीच कळला होता. ज्या खेळात अमेरिकन पाणबुडी चालवता येते त्यात ही शिकार विशेष प्रतिष्ठेची मानली जाईल, असे विद्यार्थ्याने सांगितले. त्या पाणबुडीवर कोण होते, असे मी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

त्याचा निबंध पुढे आला तो दोन स्तंभांत. डावीकडे मूळ रोजनिशी, एक शब्दही न बदललेली. उजवीकडे त्याच तारखांना, त्याच क्रमाने, 'तिलावा'वरील लोकांविषयी जे जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच. डावा स्तंभ भरगच्च आहे. उजव्यात बहुतेक पानांवर एखादी ओळ, काही पानांवर नुसती तारीख. ते रिकामे भाग कल्पनेने भरू का, असे त्याने विचारले होते. मी नको म्हटले. ते मत मी अजून बदललेले नाही, मात्र त्याविषयी पूर्वीइतकी निःशंकही राहिलेली नाही.